तरुण भारत (बेळगाव)

बेळगावातून निघणारे मराठी दैनिक. बाबुराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये ते साप्ताहिक म्हणून सुरू केले. याच नावाचे नागपूरचे वृत्तपत्र अगदी वेगळे. नावापलीकडे दोघांत काही समान नाही. तरीही वाचक गोंधळतात, आणि त्या गोंधळाची एक गंमत पुढे येईलच.

बेळगावला मराठी पत्रे नवी नव्हती. ‘बेळगाव समाचार’ १८६३ पासून निघत होते. १९१६ साली टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना याच गावात झाली. १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन इथे भरले. गांधीजींनी काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवले ते आयुष्यात या एकाच अधिवेशनात. त्यामागे गंगाधरराव देशपांडे यांचा मोठा हात होता. ‘कर्नाटक सिंह’ म्हणून ओळखला जाणारा हा पुढारी टिळकांचा अनुयायी होता आणि पुढे गांधीजींकडे वळला. गावात तेव्हा मराठी-कानडी अशी आजच्यासारखी फळी पडलेली नव्हती.

ती पुढे पडली. १९४६ चे मराठी साहित्य संमेलन बेळगावात झाले आणि त्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव आला. अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर, म्हणजे नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक. बेळगावच्या ‘तरुण भारत’च्या अंगणात दुसऱ्या ‘तरुण भारत’चा संपादक अध्यक्ष, असा तो योग. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातला हा जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. त्याआधी १७ जानेवारीला गोळीबारात माणसे मेली होती. सीमाभागात तो दिवस हुतात्मा दिन म्हणून आणि १ नोव्हेंबर काळा दिन म्हणून पाळतात. या सीमावादासाठी १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवावे असे सुचवले. २००४ पासून वाद सर्वोच्च न्यायालयात आहे.

या वादात ‘तरुण भारत’ने मराठी बाजू धरली. बाबुराव ठाकूर स्वतः सीमालढ्यातले पुढारी होते आणि त्यांचे चिरंजीव किरण ठाकूर यांनीही संपादकपद व चळवळ दोन्ही सांभाळले. संपादकच चळवळीत उतरला की बातमी आणि बाजू यांतली रेघ पुसट होते. मात्र सरकारदरबारी ज्यांची भाषा नाही, त्यांचे पत्र पुण्या-मुंबईच्या पत्रासारखे तटस्थ राहील ही अपेक्षाही फारशी न्याय्य नाही. २०१४ मध्ये शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले, तरी मराठी माणसाच्या तोंडी ते ‘बेळगाव’च आहे. पत्राचा पसारा नंतर गोवा आणि सिंधुदुर्गापर्यंत गेला.

या गावाची नामवंत माणसे एका रांगेत बसत नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथे सायकलचे दुकान काढले. १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली, पण किर्लोस्कर रोड मात्र इथेच राहिला. कवयित्री इंदिरा संत बेळगावातच राहिल्या आणि शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात त्यांनी प्राचार्यपद सांभाळले. त्यांचे पती ना. मा. संत १९४६ मध्ये वारले. त्यानंतरच्या एकटेपणाची कविता त्यांनी याच गावात लिहिली. साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना १९८४ मध्ये मिळाला. त्यांचे पुत्र प्रकाश संत यांच्या लंपन नावाच्या मुलाच्या कथांत हाच मुलूख आहे, मराठीला कानडी हेल लागलेला. पु. ल. देशपांडे यांनी राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवले. जवळच्या सुळेभावीत १९२४ साली शिवपुत्र कोमकली जन्मले. मराठी रसिक त्यांना कुमार गंधर्व म्हणून ओळखतात. त्यांची मातृभाषा कानडी.