विज्ञानकादंबरीचा वाचकप्रतिसाद

विज्ञानकादंबरी वाचताना आणि वाचून झाल्यावर वाचक तिच्याशी जो वाद घालतो, जे हिशेब मांडतो, जे ताडून पाहतो, त्या साऱ्याला तिचा वाचकप्रतिसाद म्हणता येईल. सामाजिक कादंबरीबद्दलचे बोलणे 'आवडली' किंवा 'नाही आवडली' एवढ्यावर थांबू शकते. इथे त्याआधी एक प्रश्न उभा राहतो: असे होऊ शकेल का? पुण्यात हा प्रश्न फार नेटाने विचारला जातो. पुष्कळदा त्याला चिकित्सकपणा म्हणून बाजूला सारतात, पण पुस्तकात पुरता गुंतलेला वाचकच तो विचारतो. ज्याला पुस्तक भिडलेले नसते, तो हिशेब करायला बसत नाही.

इंग्रज कवी कोलरिजने 1817 मध्ये म्हटले होते, की काव्य वाचताना वाचक आपला अविश्वास राजीखुशीने बाजूला ठेवतो. विज्ञानकादंबरीच्या वाचकाला हे निम्मेच लागू पडते. डार्को सुविन या समीक्षकाने 1979 मध्ये या प्रकाराच्या मुळाशी एक 'नवी गोष्ट' असते, असे मांडले. आपल्या जगात नसलेली, पण तर्काने पटवता येणारी. वाचक ती एक गोष्ट मान्य करतो. जणू पहिले गृहीतक लेखकाला उधारीवर मिळते, पुढचे प्रत्येक पाऊल मात्र रोखीने टाकावे लागते. काळातून मागे जाणारे यंत्र चालते. पण ते वापरणाऱ्याला आपल्याच आजोबांशी बोलताना काही अडचण येऊ नये, हे चालत नाही. 'कल्पना भन्नाट आहे, पण पटलं नाही' हे वाक्य याच जागी उच्चारले जाते.

या प्रतिसादाचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. लॅरी निव्हनच्या 'रिंगवर्ल्ड' (1970) या कादंबरीत ताऱ्याभोवती बांधलेले एक अवाढव्य कडे आहे, पृथ्वीच्या कक्षेएवढे मोठे. पुढच्याच वर्षी विज्ञानकथांच्या जागतिक संमेलनात एमआयटी या तिथल्या तंत्रविद्यापीठाचे विद्यार्थी 'रिंगवर्ल्ड अस्थिर आहे' अशा घोषणा देत फिरले. त्यांचे बरोबर होते. असे अखंड कडे ताऱ्याभोवती ग्रहासारखे कक्षेत नसते. ते जराशा धक्क्याने सरकले, की सरकतच जाते आणि शेवटी ताऱ्यावर आदळते. निव्हनने पुढच्या भागात (1980) कड्याच्या काठावर ते सावरून धरणारी इंजिने बसवली आणि त्या अस्थिरतेवरच कथानक उभे केले. वाचकाच्या आक्षेपातून कादंबरी जन्मल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसऱ्या कुठल्या साहित्यप्रकारात सहज सापडणार नाही.

पुण्यात असा वाचक घडायला जमीन होतीच. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 पासून इथे आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय त्याहून सुमारे शंभर वर्षे जुने. आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था 1988 मध्ये विद्यापीठाच्या आवारात सुरू झाली. नारायणगावजवळ खोडदला प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. घरातले कोणी प्रयोगशाळेत, कोणी कारखान्यात आणि संध्याकाळी वाचनालयातून आणलेले पुस्तक हातात, असे घर इथे अपूर्वाईचे नाही. दुसरी वाट अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकातून आली. त्यात भयकथा, गूढकथा आणि विज्ञानकथा शेजारी शेजारी असत, त्यामुळे भयकथाकार नारायण धारपांच्या वाचकाला भीतीकडून विज्ञानाकडे जायला फार चालावे लागले नाही. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न मुलांच्या हाती त्याहीआधी पडे.

जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आहे, कादंबरी नव्हे. तरी तिच्यावाचून ही नोंद पुरी होणार नाही. नायक पुण्याचा इतिहासाचा प्राध्यापक. पुण्याहून मुंबईला निघालेला तो दुसऱ्याच इतिहासात शिरतो. गाडी 'जिजामाता एक्सप्रेस', आणि ती डेक्कन क्वीनपेक्षा वेगवान. पुण्याबाहेर कारखान्यांची वस्तीच नाही. 14 जानेवारी 1761 रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी इथे तिळभर अंतराने कानाजवळून निघून गेली आहे, आणि पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे. परक्या वाचकाला ही समांतर विश्वाची चतुर गोष्ट वाटेल. पुण्याच्या वाचकाच्या मनात ती गोळी आधीपासून असते. 'विश्वासराव पडले नसते तर' हे वाक्य त्याने घरात ऐकलेले असते, पानिपताच्या धक्क्याने खचून त्याच वर्षी नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले हेही त्याला ठाऊक असते. म्हणून हळहळ आणि तर्क एकाच वेळी जागे होतात. पिंपरी-चिंचवड नसलेला लोहमार्ग रोज त्या वाटेने जाणाऱ्याला लगेच खटकतो, आणि खटकला की लेखकाने त्याला जिंकलेच.

नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. तिला पहिले बक्षीस मिळाले. नाव माहीत नसताना मिळालेली ही दाद महत्त्वाची आहे, कारण शास्त्रज्ञाने लिहिले म्हणजे बरोबरच असणार, हा समज प्रतिसाद बोथट करतो.

तक्रारीही आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. पात्रे कल्पनेचे ओझे वाहणारे हमाल होतात. दोन शास्त्रज्ञ एकमेकांना दोघांनाही ठाऊक असलेले समजावून सांगतात. प्रकरणाच्या मध्यावर विज्ञानाचा तास भरतो. गृहीतक कितीही कल्पक असले, तरी त्याची किंमत कोणा माणसाला मोजावी लागली नाही, तर वाचक पुस्तक मिटून कल्पना तेवढी लक्षात ठेवतो. गंगाधरपंत लक्षात राहतात, कारण त्या परक्या मुंबईत ते एकटे पडतात.

हीच कथा इंग्रजी रूपात अकरावीच्या 'हॉर्नबिल' या एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकात आहे. देशभरातल्या बऱ्याच मुलांना तिथे आधी पानिपत समजावून द्यावे लागत असणार. पुण्यातल्या मुलाला ते ठाऊक असते. तो अडतो शेवटी आलेल्या कॅटॅस्ट्रॉफी थिअरीपाशी, म्हणजे जराशा फरकाने सारे एकदम कसे पालटते हे सांगणाऱ्या गणिती सिद्धान्तापाशी, आणि वर्गात हात वर करतो तो तिथे.