घरच्या मारहाणीची शिक्षा आणि बंदूक: अमेरिकी कायद्याची पार्श्वभूमी

गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला बंदूक बाळगता येत नाही, हे अमेरिकेत १९६८ च्या संघीय कायद्यापासून आहेच. पण घरातली मारहाण त्यात क्वचितच बसायची. बायको साक्ष द्यायला कचरायची, सरकारी वकील तडजोड करायचे आणि प्रकरण किरकोळ गुन्ह्यावर मिटायचं. नवरा दंड भरून घरी, बंदूक कपाटात तशीच. १९९६ मध्ये एका सिनेटरने खर्चाच्या विधेयकाला दुरुस्ती जोडून ही पळवाट बुजवली. कौटुंबिक हिंसाचाराचा गुन्हा किरकोळ असला, तरी दोषी ठरल्यावर बंदूकही नाही आणि गोळ्याही नाहीत. पोलीस आणि सैनिकांना सूट नाही. जुन्या शिक्षाही धरल्या गेल्या, त्यामुळे पोलीस संघटना खवळल्या.

खरी गोची झाली ती 'घरातला' कोण, यावर. नवरा, माजी नवरा, पालक, मुलाचा बाप, नवरा-बायकोसारखा एकत्र राहणारा किंवा राहिलेला जोडीदार, एवढेच कायद्यात आले. वेगळ्या घरात राहणारा प्रियकर सुटला. तीच मारहाण, तशीच शिक्षा, पण त्याची बंदूक त्याच्याकडेच. हे दुरुस्त करायचे प्रयत्न बंदूकवाल्यांच्या दबावापुढे वर्षानुवर्षं अडले. मार्च २०२२ मध्ये महिला अत्याचारविरोधी कायद्याचं नूतनीकरण झालं, तेव्हाही मतं जुळावीत म्हणून प्रियकरालाही बंदीत आणणारं कलम गाळलं गेलं. मे महिन्यात टेक्सासच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, आणि जूनमध्ये ते मंजूर झालं, तेही अर्धवट. प्रियकराचा पहिलाच गुन्हा असेल आणि पुढची पाच वर्षं स्वच्छ गेली, तर बंदी आपोआप उठते. कायदा येण्याआधीच्या शिक्षा तर धरायच्याच नाहीत. नवऱ्याला मात्र शिक्षा रद्द किंवा माफ झाली नाही, तर बंदी साधारणपणे जन्मभराची. मार खाणारीला या फरकाचा काय उपयोग, हे तडजोड करणाऱ्यांनाच ठाऊक.

बंदी लागायला गुन्ह्यात 'शारीरिक बळ' वापरलेलं असावं लागतं; ढकलाढकलीलाही तसं म्हणायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. २०२२ मध्ये, हे कलम मंजूर झालं त्याच आठवड्यात, त्याच न्यायालयाने बंदुकीवरच्या निर्बंधांना ऐतिहासिक परंपरेची कसोटी लावली, म्हणजे निर्बंध देशाच्या जुन्या बंदूक-नियमांच्या परंपरेत बसला पाहिजे. तिच्या आधारे २०२३ मध्ये एका अपील न्यायालयाने ज्यांच्याविरुद्ध संरक्षण आदेश (जोडीदाराला त्रास देऊ नये असा न्यायालयाचा हुकूम) आहे, त्यांच्यावरची बंदूकबंदी घटनाबाह्य ठरवली. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी तो निकाल फिरवला. प्रकरण आदेशाचं होतं, शिक्षेचं नव्हे. तरी शिक्षेमुळे आलेल्या बंदीविरुद्धच्या अपिलांतही आता सरकारी वकील त्याचाच दाखला देतात.