बग्गीची ट्यूब बेंडिंगला आणताय? आधी कापू नका

घरच्या वर्कशॉपमध्ये स्वतःची ऑफरोड बग्गी बनवणारे बरेच जण आमच्याकडे फक्त ट्यूब वाकवायला आणि नॉच मारायला (दुसऱ्या ट्यूबवर नीट बसावी म्हणून टोकाला गोल खाच पाडायला) येतात, बाकी कापणं, घासणं, मिग वेल्डिंग त्यांचं ते करतात आणि छान करतात. पण जवळपास दर आठवड्याला एक तरी जण फायनल मापाला कापलेल्या ट्यूब घेऊन येतो आणि म्हणतो की हिशोब केलाय, तुम्ही फक्त वाकवून द्या. तिथेच घोळ होतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बेंड झालेली ट्यूब कोपऱ्यातून काटकोनात जात नाही, गोलाईने जाते, हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्या 38 मिमीच्या डायची (ज्या साच्याभोवती ट्यूब वाकते त्याची) सेंटरलाइन त्रिज्या, म्हणजे ट्यूबच्या मध्यरेषेपर्यंतची त्रिज्या, 150 मिमी आहे. ड्रॉइंगवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलं तर 90 अंशाच्या एका बेंडला 150 अधिक 150 म्हणजे 300 मिमी धरले जातात, पण गोलाईची खरी लांबी साधारण 236 मिमी भरते. म्हणजे एका बेंडमागे 64 मिमी ट्यूब कमी लागते. समजा मेन हूप, म्हणजे डोक्यावरची मुख्य कमान, 1000 मिमी रुंद आणि दोन्ही पाय 1100चे, कोपऱ्याने बेरीज 3200, प्रत्यक्षात लागते 3071च्या आसपास. इथपर्यंत बहुतेकांचं बरोबर असतं.

चुकतं ते पुढे. 90ला 64 वाचतात तर 45ला 32 वाचतील असं धरून चालतात. तसं होत नाही, 45 अंशाच्या बेंडला त्याच डायवर फक्त 6 मिमीच्या आसपास वाचतात. एकांनी छताचे कोपरे दिसायला चांगले म्हणून दोन्ही बाजूंना एका 90 ऐवजी दोन-दोन 45चे बेंड ठेवले, चार बेंडचे 32 प्रमाणे 128 मिमी वजा केले आणि ट्यूब कापून आणली, खरे वजा व्हायला हवे होते जेमतेम 26. हूप 100 मिमीहून जास्त आखूड झाला. चांगली सीमलेस (बिनशिवणीची) ट्यूब होती, त्यांना वाईट वाटलं आणि आम्हालाही. तुकडा जोडून द्या म्हणाले, आम्ही नाही म्हटलं. मेन हूप डोक्यावर असतो, गाडी उलटली की सगळा भार त्याच्यावर येतो, तो अखंड एकाच ट्यूबचा हवा. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमावलीत, अपेंडिक्स जे मध्ये, 253व्या कलमात, मेन रोलबारची (म्हणजे याच हूपची) व्याख्याच एकसंध हूप अशी केलीय. तुम्ही शर्यतीत उतरणार नसलात तरी कारण तेच आहे.

दुसरी हुकणारी गोष्ट म्हणजे टोकं. हूपचा पाय खालच्या रेलवर (फ्रेमच्या तळाच्या ट्यूबवर) बसतो तेव्हा लोक रेलच्या वरच्या पृष्ठापर्यंत माप घेतात, पण नॉचची दोन्ही टोकं रेलच्या मध्यापर्यंत उतरतात, म्हणजे 38च्या ट्यूबला प्रत्येक टोकाला 19 मिमी जास्त लागतात. ते नसले तर वेल्डिंगला मोठी फट राहते आणि फट भरायला गेलं की उष्णतेने फ्रेम ओढली जाते. शिवाय डायला ट्यूब धरायला बेंडच्या पुढे सरळ भाग लागतो, टोकाजवळ बेंड हवा असेल आणि ट्यूब तिथेच संपत असेल तर मशीन धरणार कुठे?

म्हणून आमचं सांगणं एकच, ट्यूब पूर्ण लांबीची आणा किंवा दोन्ही टोकांना निदान 250 मिमी जास्त ठेवा. आम्ही वाकवतो, तुमच्या फ्रेमच्या मापाशी जुळवतो आणि मगच टोकं कापून नॉच मारतो. काही जण म्हणतात की यात ट्यूब वाया जाते आणि त्याचे पैसे गिऱ्हाइकालाच पडतात. उरलेले तुकडे आम्ही ठेवून घेत नाही, सगळे परत देतो, आणि बग्गीत गसेट (जोडाला आधार देणारे तुकडे), माउंट, सीटचे आडवे पाइप यांना ते लागतातच. पहिला बेंड आम्ही त्याच्यातल्याच एका तुकड्यावर करून बघतो, कारण वाकवल्यावर स्टील काही अंश मागे येतं आणि किती मागे येईल ते भिंतीच्या जाडीवर आणि मटेरियलवर असतं, क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं मिश्र स्टील) तर साध्या माइल्ड स्टीलपेक्षा जास्त मागे येतं. त्यात वेळ जातो पण 88 अंशाचा हूप घेऊन कुणी घरी जावं असं आम्हाला वाटत नाही.

आता साइझचं. "दीड इंची पाइप आहे" असं फोनवर सांगून लोक नळाचा पाइप घेऊन येतात. पाइपचं दीड इंच हे नावाचं माप असतं, त्याचा बाहेरचा व्यास 48.3 मिमी निघतो, आणि ट्यूब मात्र बाहेरच्या व्यासानेच सांगतात, दीड इंची ट्यूब म्हणजे 38.1. आमच्या डायमध्ये तो पाइप बसतच नाही. आणि गॅल्व्हनाइज्ड असेल तर वेल्डिंग करताना झिंकचा धूर छातीत जातो आणि रात्री ताप भरतो, फ्रेमसाठी तो नकोच. व्हर्नियरने बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी मोजून मगच फोन करा, खूप हेलपाटे वाचतील. ईआरडब्ल्यू (पट्टी गोल वळवून कडा वेल्ड केलेली) ट्यूब असेल तर शिवण कुठे आहे ते मार्करने दाखवून ठेवा, बेंडच्या बाहेरच्या अंगाला आम्ही ती येऊ देत नाही, कारण तिथे धातू सगळ्यात जास्त ताणला जातो, या त्रिज्येला बाहेरची भिंत साधारण 12-13 टक्के ताणली जाते.

गॅस मारून वाकवून द्या अशीही मागणी येते. आम्ही थंडच वाकवतो. तापवलं की थंड ओढून बनवलेल्या ट्यूबची वाढलेली ताकद जाते, आणि वर म्हटलेल्या 253व्या कलमातही थंड बेंडिंग आणि ट्यूबच्या व्यासाच्या किमान तिप्पट त्रिज्या असंच सांगितलंय. आमची जवळपास चौपट पडते.

कोन कागदावर सांगण्यापेक्षा 6 मिमीची सळी वाकवून साचा करून आणलात तर सगळ्यात सोपं. सीट जागेवर ठेवा, हेल्मेट घालून बसा, डोक्यावर निदान 75 मिमी सोडा आणि मग सळी वाकवा. एकाच ट्यूबवर दोन किंवा जास्त बेंड असतील तर ते एका पातळीत आहेत की दुसरा बेंड फिरवायचाय ते नक्की सांगा, आम्ही ट्यूबच्या लांबीभर एक सरळ रेघ मारून तिच्यावरून फिरवण्याचा कोन धरतो, ही रेघ घरी मारून आणलीत तरी चालेल. फक्त तिच्यावर बग्गीची पुढची बाजू कुठली ते बाण काढून दाखवा, नाहीतर डावा-उजवा उलटा वाकला जातो आणि ती ट्यूब परत सरळ करता येत नाही.