स्टीफन किंग न्यायचाय? आधी हे दोन मिनिटं वाचा

आमच्या फोंड्याच्या वाचनालयात काउंटरवर दर दोन-चार दिवसांनी कोणीतरी मेंबर येतो आणि म्हणतो, किंगचं, म्हणजे त्या अमेरिकन भयकथा लेखकाचं, काहीतरी द्या, कुठलंही चालेल. कुठलंही नाही हो चालत. पहिलंच पुस्तक चुकीचं हातात पडलं की माणूस पन्नास पानांत कंटाळतो, पुस्तक परत आणून ठेवतो आणि पुन्हा त्या कपाटाकडे बघत नाही, आणि आम्हाला त्याचं खरंच वाईट वाटतं. म्हणून हे पत्रक काढलंय.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, किंगच्या पुस्तकात भूत उशिरा येतं. आधी घर येतं, नवरा-बायकोची पैशावरून कुरबूर येते, पोरांची शाळा येते, गावातल्या दुकानात कोण कोणाबद्दल काय बोलतं ते येतं. आपल्याकडे वाड्यावरची म्हातारी माणसं देवचाराची, म्हणजे काठी घेऊन गावाची राखण करणाऱ्या भुताची, गोष्ट सांगतात तेव्हा आधी कुणाचं भाट (बागायत), कुठला आंबा, त्या रात्री कोण कुठून घरी येत होतं हे सगळं सांगतात आणि मगच काठीचा आवाज येतो ना, तसंच. तेवढा धीर धरायची तयारी असेल तर पुढे वाचा.

नवीन मेंबरला आम्ही शक्यतो 'मिझरी' देतो. १९८७चं पुस्तक, बहुतेक सगळं एकाच घरात घडतं आणि माणसं मुख्य दोनच, अपघातात पाय मोडलेला लेखक आणि त्याला घरी आणून ठेवणारी नर्स, जी त्याची सगळ्यात मोठी वाचक आहे. भूत नाही, जादू नाही. इंग्रजी वाचायची फार सवय नसेल तरी जमतं.

आता 'पेट सेमेटरी'. आमच्या प्रतीच्या मागच्या कागदावर तारखांचे शिक्के मारायला जागा उरली नाही, वर दुसरा कागद चिकटवावा लागला, इतकं हे पुस्तक फिरलंय. नावातलं स्पेलिंग चुकलेलं दिसतं ती छपाईची चूक नव्हे, मुलांनी आपल्या मेलेल्या कुत्र्या-मांजरांना पुरायच्या जागेवर जी पाटी लावली तिच्यावरचं ते स्पेलिंग आहे. किंग मेन राज्यात ऑरिंग्टनला भाड्याच्या घरात राहायचा, समोरून मोठमोठे ट्रक धावायचे, त्याच्या मुलीचं मांजर त्या रस्त्यावर मेलं आणि धाकटा मुलगाही एकदा रस्त्याकडे धावत सुटला होता. त्यातून हे पुस्तक आलं, पण लिहून झाल्यावर त्याला स्वतःलाच ते इतकं काळं वाटलं की त्याने बाजूला ठेवून दिलं, छापून आलं ते १९८३मध्ये. सावर्डे-कुडचड्याच्या बाजूला ज्यांनी खाणीच्या ट्रकांची रांग घरासमोरून जाताना बघितलीय आणि पोरांना हाताला धरून रस्ता ओलांडलाय त्यांना यातली भीती समजावून सांगावी लागत नाही. मात्र घरात लहान मूल असेल किंवा जवळचं कोणी नुकतंच गेलं असेल तर आत्ता हे नेऊ नका, आम्ही काउंटरवरही हेच सांगतो.

'द शायनिंग' बहुतेकांना सिनेमामुळे माहीत असतं. १९७४मध्ये किंग आणि त्याची बायको कोलोरॅडोतल्या स्टॅनली हॉटेलात एक रात्र राहिले, हॉटेल हिवाळ्यासाठी बंद व्हायच्या बेतात होतं आणि पाहुणे म्हणजे जवळजवळ हे दोघंच, खोली २१७, तिथेच हे पुस्तक सुचलं. पुस्तकातही तीच २१७ आहे, सिनेमात ती २३७ झाली. सिनेमा किंगला आवडला नव्हता, आणि पुस्तक वाचलं की कारण कळतं, कारण पुस्तकातला बाप दारू सोडायची मनापासून धडपड करतो, पोरावर जीव लावतो आणि तरीही घसरत जातो. आमच्या मते हे किंगचं सगळ्यात दुःखी पुस्तक आहे.

नारायण धारपांची 'लुचाई' वाचून मोठे झालेले मेंबर आमच्याकडे बरेच आहेत, त्यांनी 'सेलम्स लॉट' न्यावं. 'लुचाई' त्यावरच बेतलेली आहे, पण दोन्ही वाचल्यावर धारपांनी ती गोष्ट आपल्या मातीत कशी आणली हे बघायला मजा येते.

'इट'बद्दल विचारणारे कॉलेजचे जास्त. हजारावर पानं, दर सत्तावीस वर्षांनी जोकरच्या रूपात परत येणारं संकट आणि सात पोरं जी मोठी होऊन पुन्हा त्याच गावात येतात. खरं सांगायचं तर त्या जोकरपेक्षा त्या पोरांची सुट्टी, सायकली, ओढ्यावर बांध घालणं हेच जास्त लक्षात राहतं. 'द स्टँड' त्याहून अवघड, १९७८मध्ये प्रकाशकाने शेकडो पानं कापून छापलं होतं, पूर्ण पुस्तक १९९०मध्ये आलं, आमच्याकडे ते पूर्णच आहे. साथीच्या रोगाने जवळजवळ सगळं जग मरतं, कोविडनंतर ते वाचणं वेगळंच झालंय.

भूतबित नको म्हणणाऱ्यांनीही तसंच परत जाऊ नये. 'डिफरंट सीझन्स' बघा, चार मोठ्या गोष्टी आहेत आणि 'शॉशँक'चा सिनेमा यातल्याच एका गोष्टीवरून आलाय, हे सांगितलं की निम्म्या लोकांना खरं वाटत नाही. 'द ग्रीन माइल' १९९६मध्ये दर महिन्याला एक अशा सहा पातळ भागांत निघालं होतं, मासिकात क्रमशः कादंबरी वाचलेल्या आपल्या आई-मावशीच्या पिढीला ती ओढ बरोबर कळेल. आणि '११/२२/६३', ज्यात एक मास्तर अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा १९६३मधला खून थांबवायला काळात मागे, १९५८मध्ये जातो. आपल्याकडे तेव्हा पोर्तुगीज होते, त्याची ती पाच वर्षं चालू असतानाच मधे आपला गोवा मुक्त होतो, वाचताना हे मनात ठेवून बघा.

'कॅरी' हे त्याचं छापलेलं पहिलं पुस्तक, १९७४चं. सुरुवातीची पानं त्याने कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती, बायकोने, टॅबिथाने, ती उचलून झटकली आणि पुढे लिही म्हणून सांगितलं. तेव्हा ते ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या छोट्या घरात राहायचे, घरचा फोनसुद्धा परवडत नाही म्हणून काढून टाकलेला. पातळ पुस्तक आहे, एका रविवारी होतं.

'इट', 'स्टँड' आणि '११/२२/६३' यांना पंधराऐवजी तीस दिवस मिळतील, जास्तीचं भाडं नाही. पावसात पुस्तक ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका आणि प्लास्टिकच्या पिशवीत तर बांधूनच ठेवू नका, आत वाफ धरून बुरशी येते, आमची 'शायनिंग'ची जुनी प्रत अशीच एका जुलैत गेली, पानं एकमेकांना चिकटली ती सुटलीच नाहीत. साध्या वर्तमानपत्रात गुंडाळा, चुकून भिजलं तर इस्त्री फिरवू नका, तसंच आमच्याकडे आणा, आम्ही पंख्याखाली पान-पान मोकळं करून वाळवतो. 'पेट सेमेटरी'ला सध्या नंबर आहे, काउंटरवरच्या वहीत नाव लिहून ठेवा, आलं की फोन करू.