ऑपरेशन पोटाचं, कळ खांद्यात

पित्ताशय किंवा अपेंडिक्स दुर्बिणीतून काढल्यावर दुसऱ्या दिवशी बरेच रुग्ण पोटाऐवजी खांदा धरून बसतात, बहुधा उजवा. झोपवताना हात अवघडला असेल, असं वाटतं. पण मूळ पोटातच असतं.

कॅमेऱ्याला दिसावं, अवजारं फिरावीत म्हणून पोटाच्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड भरतात. दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा. हा वायू पेट घेत नाही (आत विजेवर डागणारी उपकरणं चालू असतात) आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. मात्र दाबामुळे पोटाचं अस्तर आणि श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) ताणलं जातं. शिवाय ओल्या अस्तरावर वायूचं कार्बोनिक आम्ल होतं, तेही चुरचुरतं. श्वासपटलाची नस मज्जारज्जूच्या मानेतल्या भागातून निघते आणि खांद्यावरच्या त्वचेच्या नसाही तिथूनच. दोन्हींचे निरोप एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे मेंदूची गल्लत होते.

शेवटी वायू काढून टाकला तरी थोडा उरतोच. उठून बसलं की तो वर, श्वासपटलाखाली जमतो. म्हणून बसल्यावर कळ वाढते, आडवं झाल्यावर उतरते. हा आतड्यातला गॅस नव्हे. गॅसच्या गोळ्या घेऊन तो सरत नाही. सहसा दोन-तीन दिवसांत तो रक्तात शोषला जातो.

कॅमेरा आणि अवजारं घालायला पोटावर पाडलेल्या छिद्रांचं दुखणं वेगळं. ५ मिलिमीटरची छिद्रं फारशी त्रास देत नाहीत. बेंबीजवळचं १० ते १२ मिलिमीटरचं देतं, कारण बहुतेकदा अवयव तिथूनच ओढून काढतात आणि आतल्या जाड पडद्यालाही टाका असतो. खोकताना तिथे उशी दाबून धरावी. पित्ताशय सोडवलेल्या जागेची वेदना मात्र खोल असते, बोट ठेवून दाखवता येत नाही.

दाब कमी ठेवणं आणि छिद्रांत बधिर करणारं औषध टोचणं उपयोगी पडतं. त्याहून सोपा उपाय भूलतज्ज्ञाच्या हाती असतो: टाके घालण्यापूर्वी डोकं खाली करून फुप्फुसं काही वेळा पूर्ण फुगवली, की श्वासपटल खाली येऊन उरलेला वायू छिद्रांतून बाहेर ढकलतं. घरी वेदनाशामक गोळ्या कळ येण्याची वाट न पाहता सांगितलेल्या वेळी घ्याव्यात.

दुखणं रोज थोडं उतरलं पाहिजे. ते वाढत गेलं, ताप, कावीळ किंवा सतत उलट्या सुरू झाल्या, पोट फुगून कडक झालं, तर तातडीने सर्जनला दाखवावं. धाप लागली, छातीत दुखलं किंवा एकच पोटरी सुजली, तर रक्ताची गाठ फुप्फुसात गेल्याची शंका घेऊन थेट रुग्णालय गाठावं.