दूरस्थ टीम : वाढ, नेतृत्व आणि आधार (बेळगाव सीमाभाग)

एकाच कामासाठी बांधलेल्या, पण एका छताखाली न बसणाऱ्या माणसांच्या गटाला दूरस्थ टीम म्हणतात. कामाची वाटणी, तपासणी, निर्णय आणि एकमेकांची विचारपूस हे सगळे फोन, व्हिडिओ कॉल, चॅट आणि लिहून ठेवलेल्या मजकुरावर चालते. टीम चार-पाच जणांची असते तोवर सगळ्यांना सगळे ठाऊक असते आणि ‘लीड’ म्हणजे टीमचा प्रमुख, तोही त्यांच्यातलाच एक काम करणारा असतो. दहा-पंधरांच्या पुढे हे ठाऊक असणे आपोआप घडत नाही, ते कोणीतरी घडवावे लागते. या नोंदीत बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात राहून पुणे, बेंगळुरू किंवा परदेशातील कंपन्यांसाठी काम करणाऱ्यांच्या अंगाने या विषयाचा विचार केला आहे.

घरी बसून दुसऱ्याचे काम करणे या भागाला नवे नाही. बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात घराघरांत माग होते. व्यापाऱ्याकडून सूत आणायचे, साडी विणून पोचवायची आणि नगावर मजुरी घ्यायची. निपाणी परिसरातील बायका पाने आणि तंबाखू घरी नेऊन विड्या वळत. विडी व सिगार कामगारांसाठीच्या १९६६च्या केंद्रीय कायद्याने घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले. या दोन्ही व्यवसायांत काम मोजता येत होते : साडी पुरी झाली की नाही, हजार विड्या भरल्या की नाही. शेजारच्या घरात काय चालले आहे हे न कळताही आपले काम पुरे होई. सॉफ्टवेअर, डिझाइन, हिशेब किंवा ग्राहकसेवेच्या आजच्या टीममध्ये तसे होत नाही. एकाचे काम दुसऱ्याच्या अर्ध्या झालेल्या कामावर उभे असते. नगाची मोजणी करणारी नजर इथे अपुरी पडते. माणूस ऑनलाइन असल्याचा चॅटमधला हिरवा ठिपका पाहणे, दर काही मिनिटांनी स्क्रीनचा फोटो घेणारी प्रणाली बसवणे ही त्याच जुन्या मोजणीची रूपे आहेत. त्यातून माणूस खुर्चीवर आहे एवढे कळते, तो कुठे अडला आहे ते कळत नाही.

ऑफिसऐवजी घरून दूरसंचाराच्या साहाय्याने काम करण्याची कल्पना अमेरिकेत १९७३च्या सुमारास जॅक निलेस यांनी मांडली. भारतात ती मार्च २०२०च्या टाळेबंदीने एका आठवड्यात सर्वांच्या अंगावर येऊन पडली. नोव्हेंबर २०२०मध्ये केंद्राने दूरसंचारावर आधारित सेवांचे नियम सैल केले आणि कॉल सेंटरसारख्या कामांनाही घरचा मार्ग मोकळा झाला. बेळगावात याला अनुकूल जमीन आधीच तयार होती. गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय १९७९पासून आहे, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८पासून इथेच आहे. शिकलेली मुले मात्र सुमारे ३४० किलोमीटरवरच्या पुण्याला किंवा सुमारे ५०० किलोमीटरवरच्या बेंगळुरूला जात. टाळेबंदीत ती घरी परतली आणि त्यांतली काही परत गेलीच नाहीत. बेंगळुरूबाहेर माहिती-तंत्रज्ञान उद्योग नेण्यासाठी कर्नाटक सरकारने आखलेल्या योजनेतही हुबळी-धारवाडच्या जोडीने बेळगावचा समावेश आहे.

टीम वाढते तेव्हा काय बिघडते, हे साध्या गणितातून दिसते. ५ जणांत दोघादोघांच्या १० जोड्या होतात, १० जणांत ४५, तर २० जणांत १९०. माणसे चौपट झाली की बोलण्याच्या वाटा एकोणीसपट होतात. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली तर तो आणखी लांबतो, हा अमेरिकन संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५मध्ये मांडलेला नियम यामुळेच आजही खरा ठरतो : नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि नव्या वाटा सांभाळण्यात सगळ्यांचा. अमेरिकन संशोधक टॉमस ॲलन यांनी १९७०च्या दशकात दाखवले होते की एकाच इमारतीतही टेबलांमधले अंतर तीस मीटरच्या आसपास गेले की बोलणे झपाट्याने घटते. दूरस्थ टीममध्ये प्रत्येक जण त्या अंतराच्या पलीकडेच असतो. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या पाहणीत (२०२१) असे आढळले की सगळेच घरून काम करू लागल्यावर माणसे आपापल्या गटात अधिक मिटली आणि गटागटांना जोडणारे दुवे कमी झाले.

या दुव्यांची जागा लेखनाने भरून काढावी लागते. निर्णय काय झाला, कोणी घेतला, दुसरा पर्याय का सोडला, हे कॉल संपताच चार ओळींत सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लिहिणे हे वाढत्या टीमच्या लीडचे रोजचे काम आहे. लीड उत्तम काम करणारा असेल तर त्याला हे कमीपणाचे वाटते. हात अजून जुन्या कामाकडे धावतात. पण प्रत्येक प्रश्न त्याच्याच फोनवर येऊ लागला की तो रजेवर गेल्या दिवशी टीम थांबते. दोघा-तिघांना स्वतंत्र भाग सोपवून, त्यांचे निर्णय त्यांच्याकडेच ठेवणे टीम आठ-दहांची असतानाच सुरू करावे लागते. वीस झाल्यावर ते सुरू करणे फार कठीण जाते.

भाषेचा प्रश्न सीमाभागात सर्वांत खोल आहे आणि पुण्या-मुंबईच्या लीडना तो क्वचितच दिसतो. खानापूरची एखादी मुलगी घरी मराठी बोलते, सरकारी कामाला कन्नड वापरते, कॉलेजात इंग्रजीत शिकलेली असते आणि कॉलवर हिंदी ऐकते. तिला विषय येत नाही असे नसते. चार भाषांतून वाट काढत वाक्य जुळेपर्यंत पुढचा बोलून गेलेला असतो आणि ती म्यूटच राहते. पुढे तिच्या मूल्यमापनात ‘पुढाकार कमी’ असे लिहिले जाते. प्रस्तुत नोंदकाराच्या मते वाढत्या टीममध्ये होणारा हा सर्वांत मोठा अन्याय आहे, आणि तो टाळायला फार खर्चही लागत नाही. मुद्दे आदल्या दिवशी लिहून पाठवावेत, लेखी उत्तरालाही तोंडी उत्तराइतकेच वजन द्यावे, आणि आठवड्यातून एकदा लीडने फक्त तिच्याशी बोलताना तिला तिच्या भाषेत बोलू द्यावे. लीड कन्नडभाषक आणि ती मराठीभाषक असली तरी बेळगावात दोघांनाही एकमेकांची भाषा बऱ्यापैकी कळते; आपापल्या भाषेत बोलत संभाषण चालते, हे इथल्या बाजारात रोज दिसते.

इथल्या बोलीतली एक लकबही समजून घ्यावी लागते. ‘झालं का?’ असे विचारले की ‘होतंय की’ असे उत्तर येते. त्यात आपुलकी असते, धीर असतो, तारीख नसते. बाहेरचा लीड ते ‘आज संध्याकाळी होईल’ असे ऐकतो आणि दोन दिवसांनी चिडतो. ‘किती राहिलंय, कशापाशी थांबलंय?’ असा प्रश्न विचारला तर नेमके उत्तर मिळते. वरिष्ठाला ‘सर, जमणार नाही’ म्हणायची सवय इथल्या घरात नाही आणि शाळेतही नाही. म्हणून नकार देणाऱ्याचे म्हणणे लीडने सर्वांसमोर, मन लावून, एकदा तरी ऐकून घेतले पाहिजे. त्यानंतरच बाकीच्यांची जीभ सुटते.

नव्या माणसाचे पहिले दोन महिने फार नाजूक असतात. ऑफिसात तो शेजारच्याचे ऐकून शिकतो. घरी त्याच्या शेजारी आई स्वयंपाक करत असते. त्याला एक सोबती नेमून द्यावा आणि त्या सोबत्याचे इतर काम तेवढ्याने खरोखर कमी करावे. हे दुसरे बहुधा होत नाही आणि मग सोबत नावापुरती उरते. ‘साधा प्रश्न कोणाला विचारू?’ याचे उत्तर नव्या माणसाला पहिल्या सकाळीच मिळायला हवे.

पावसाळा हा इथल्या कामाचा वेगळा ऋतू आहे. सह्याद्रीच्या कडेला असलेल्या खानापूर तालुक्यात, विशेषतः जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, जून ते सप्टेंबर पाऊस झोडपतो. झाड तारांवर पडले की करंट जातो आणि राउटर बंद होतो. कधी मोबाइलचे नेटवर्कही दगा देते. इन्व्हर्टर, दुसऱ्या कंपनीचे सिम आणि गरज पडल्यास बेळगाव शहरात बसायची जागा यांचा खर्च कंपनीने उचलावा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कामाची बांधणी अशी हवी की तीन तास कोणी दिसले नाही तरी बाकीच्यांचे अडू नये. करंट गेल्याबद्दल रोज माफी मागावी लागणारा माणूस हळूहळू खचतो.

दूर असलेल्यांची बढती मागे पडते, याला पुरावा आहे. चीनमधील एका प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी नऊ महिने प्रयोग केला. तो २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले, नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. पण कामाच्या मानाने त्यांना बढती कमी मिळाली. प्रयोग संपल्यावर त्यांच्यापैकी सुमारे निम्मे ऑफिसात परतले, आणि त्यामागे एकटेपणा हे मोठे कारण होते. पुण्यात बारा आणि बेळगावात तीन जण असलेल्या टीममध्ये हा धोका अधिक असतो, कारण बारा जणांचे अर्धे बोलणे चहाच्या टपरीवर उरकते. अशा वेळी एक माणूस जरी दूर असेल तरी सर्वांनी आपापल्या मशीनवरून कॉलला यावे, हा नियम कठोर वाटला तरी न्याय्य आहे.

कायदा आणि कॅलेंडर यांचे थोडे. कर्नाटकात दुकाने व आस्थापनांचा १९६१चा कायदा लागू आहे, महाराष्ट्रात २०१७चा. व्यवसाय कर दोन्ही राज्यांचा वेगवेगळा. नेमणूकपत्रात कामाचे ठिकाण स्पष्ट लिहिलेले बरे. १ मे दोन्हीकडे सुट्टी. १ नोव्हेंबर हा कर्नाटकात राज्योत्सव, तर सीमाभागातील अनेक मराठी भाषकांसाठी १९५६च्या राज्य पुनर्रचनेच्या निषेधाचा काळा दिवस. टीममध्ये दोन्ही बाजूंची माणसे असतात. त्या दिवशी ग्रुपवर सामूहिक शुभेच्छा टाकू नयेत, डेमो ठेवू नये आणि कोणाला बाजू विचारू नये, एवढे लीडने पाळावे. डिसेंबर २०२२सारख्या तणावाच्या दिवसांत सीमेपलीकडच्या बसेस थांबतात. तेव्हा प्रवासाचे बेत बिनबोभाट पुढे ढकलावेत.

वर्षातून एक-दोनदा सगळ्यांनी एकत्र येणे बहुतेक दूरस्थ टीम पाळतात. प्रथा अशी की लहान गावातल्यांनी मोठ्या शहरात जायचे. बेळगाव पुणे-बेंगळुरू महामार्गावरच आहे, तेव्हा पुण्या-बेंगळुरूच्या माणसांनी कधीतरी इकडे यावे, आणि शक्यतो जुलैत. पहिला दिवस कामाविना ठेवावा, कॅम्प या छावणी भागात फिरावे, कुंदा ही इथली मिठाई खावी. दुसऱ्या दिवशी लीडने खानापूरला त्या मुलीच्या घरी जाऊन, पावसात, ती जिथे बसते त्या खोलीतून एक कॉल घ्यावा.