औषध शिरेतून, लाल प्रकाश दुर्बिणीतून : पीडीटी घेणाऱ्या रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी माहिती

आपल्याकडे रेडिएशनला सर्रास ‘लाईट देणं’ म्हणतात. त्यामुळे ‘आधी औषध, मग लेसरची लाईट’ असं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांना वाटतं, शेकच द्यायचा आहे. हा शेक नाही. कॅन्सरच्या गाठींवरच्या या उपचाराला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात, बोलताना पीडीटी. मिरजेतून आम्ही रुग्णालयांना या उपचाराची लेसर यंत्रं आणि फायबर (लेसरचा प्रकाश गाठीपर्यंत नेणारी बारीक तार) पुरवतो, त्यांची तपासणी करतो. उपचार कोणाला करायचा, डोस किती द्यायचा, हे तुमचे डॉक्टर ठरवतात. यंत्राचं काम काही मिनिटांत आटोपतं. पुढचा महिना मात्र घरच्यांच्या हातात असतो, आणि हे पत्रक मुख्यतः त्या महिन्यासाठी आहे.

औषध आणि प्रकाश

अन्ननलिकेच्या आणि श्वासनलिकेच्या गाठींसाठी रुळलेलं औषध म्हणजे पोरफायमर सोडियम. अमेरिकेत अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी त्याला १९९५ मध्ये मान्यता मिळाली. प्रमाण किलोमागे २ मिलिग्रॅम. वजन ६० किलो असेल तर १२० मिलिग्रॅम. कुपी ७५ मिलिग्रॅमची येते, म्हणून दोन फोडाव्या लागतात. शिरेतून ३ ते ५ मिनिटांत सावकाश देतात. औषध शिरेबाहेर कातडीखाली उतरलं तर तेवढी जागा निदान ३० दिवस उजेडापासून झाकून ठेवावी लागते. म्हणून टोचताना आग झाली किंवा फुगल्यासारखं वाटलं तर सोसत बसू नका, तिथल्या तिथे सिस्टरना सांगा.

नुसत्या औषधाने गाठीला काही होत नाही, नुसत्या या प्रकाशानेही नाही. औषध दिल्यावर ४० ते ५० तास थांबतात. तेवढ्यात बऱ्याच निरोगी भागांतून ते उतरतं, गाठीत टिकून राहतं. मग दुर्बिणीतून फायबर गाठीपाशी नेऊन ६३० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश सोडतात. प्रकाश पडला की औषधामुळे पेशीतल्या ऑक्सिजनचं अतिशय उग्र रूप तयार होतं आणि पेशी मरते. गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही बंद पडतात. यात भाजणं नाही. गाठ जाळणारा उष्ण लेसर वेगळा. लाल प्रकाश जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर आत शिरतो, म्हणून जाड गाठ एका खेपेत सुटत नाही, आणि शरीरभर पसरलेल्या कॅन्सरला हा उपचार पुरा पडत नाही.

अन्ननलिकेत फायबरच्या उजळणाऱ्या टोकाच्या दर सेंटिमीटरला ३०० ज्यूल ऊर्जा देतात. सेंटिमीटरला ४०० मिलिवॅट या वेगाने त्याला साडेबारा मिनिटं लागतात. श्वासनलिकेत २०० ज्यूल, म्हणजे ८ मिनिटं २० सेकंद. टोक ५ सेंटिमीटरचं असेल तर टोकातून २ वॅट निघायला हवेत. यंत्राच्या पडद्यावर दिसणारे २ वॅट उपयोगाचे नाहीत. म्हणून टोक मापकात घालून आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजतात. टोकाला रक्त किंवा चिकट स्राव लागला तर तो थरच प्रकाश पिऊन घेतो, तापतो, टोक काळं पडतं आणि गाठीला डोस कमी मिळतो. अशा वेळी मधेच थांबून फायबर पुसावं लागतं. आत जास्त वेळ लागला म्हणून बाहेर बसलेल्यांनी धास्ती घेऊ नये.

दोन दिवसांनी पुन्हा दुर्बीण घालून मेलेला भाग काढतात. या दिवसांत छातीत दुखतं, ताप येतो, गिळणं आधीपेक्षा अवघड होतं, कारण आत सूज असते. हे अपेक्षित आहे. रक्ताची उलटी, काळी शौच किंवा दम लागणं हे अपेक्षित नाही. रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

घरी आल्यावर

औषध गाठीत टिकतं तसं कातडीतही टिकतं, आणि त्याला लेसर आणि ऊन यातला फरक कळत नाही. इंजेक्शन दिल्या क्षणापासून निदान ३० दिवस उन्हात जायचं नाही. लिव्हर किंवा किडनी अशक्त असेल तर ९० दिवसही लागू शकतात. ढगाळ दिवसही उन्हातच धरा. सनस्क्रीन उपयोगाचं नाही, कारण इथे त्रास दिसणाऱ्या उजेडाचा आहे. खिडकीच्या काचेतूनही तो येतो.

पत्र्याच्या किंवा कौलारू घरात दुपारी बाजेवर पडणारा कवडसा पाहा. रुपयाएवढा असला तरी तो ऊनच आहे. आजोबांना झोप लागली आणि कवडसा सरकत हातावर आला तर तिथे फोड येऊ शकतात. बाज हलवा, भोक बुजवा. पण खोली काळोखी करू नका. घरातल्या साध्या उजेडाने कातडीतलं औषध हळूहळू निकामी होतं. अंधारात ते तसंच राहतं. उघडा बल्ब जवळ नको. दाताच्या डॉक्टरांकडे जायचं झालं तर आधी सांगा, तिथला दिवा प्रखर असतो.

जत, आटपाडीकडे जायचं असेल तर दिवस मावळल्यावर निघा. दिवसा बाहेर पडणं भागच असेल तर रिक्षा नको, ती दोन्ही बाजूंनी उघडी. पूर्ण बाह्यांचे जाड सुती कपडे, मोजे, हातमोजे, रुंद काठाची टोपी घ्या. कापड उजेडासमोर धरून पलीकडचं दिसलं तर ते चालणार नाही, ओढणी तर नाहीच. चष्मा ४ टक्क्यांहून कमी उजेड आत सोडणारा, गडद हवा. रात्री समोरच्या गाडीचे दिवेही डोळ्यांना खुपतात.

आपल्या भागात घरोघरी हळद असते, पण लाल झालेल्या कातडीवर ती लावू नका. हळदीतलं कुरकुमिनही निळ्या उजेडात अशीच क्रिया करतं, हे प्रयोगशाळांत दिसलेलं आहे.

डॉक्सिसायक्लिन, सल्फाच्या गोळ्या, बीपीची थायाझाइड गोळी, ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी, गजकर्णाची ग्रिसिओफुलविन यांनी उन्हाचा त्रास वाढू शकतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांना दाखवा, स्वतःहून काही बंद करू नका. पोरफिरिया हा आजार असेल तर तेही आधीच सांगा. त्यात हे औषध देत नाहीत. रेडिएशन झालं असेल तर त्याची शेवटची तारीख लागते, कारण मध्ये साधारण ४ आठवडे जाऊ देतात.

३० दिवसांनी, डॉक्टरांना विचारून, कागदी पिशवीला दोन इंच भोक पाडा, पिशवी हातावर चढवा आणि तेवढीच जागा १० मिनिटं उन्हात धरा. चेहऱ्यावर ही चाचणी करू नका. डोळ्यांभोवतीची कातडी जास्त हळवी असते. २४ तासांत लाली, सूज, फोड काही आलं नाही तर बाहेर पडणं हळूहळू वाढवा. आलंच तर आणखी २ आठवडे थांबून पुन्हा पाहा.